आतिथ्याचा बंदोबस्त

घर प्रसन्न वाटावे, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच आलेल्या माणसाचा जीव सुखावावा आणि चहा घेऊन झाल्यावरही त्याला उठावेसे वाटू नये, यासाठी एक स्वतंत्र शास्त्र असून ते शिकण्यास पाच वर्षे लागतात, ही गोष्ट आमच्या भाच्याने वास्तुकलेची पदवी घेईपर्यंत मला ठाऊक नव्हती. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की उठावेसे न वाटणे हा पाहुण्यांचा जन्मजात गुण असून खरे शास्त्र हवे आहे ते त्यांना उठवण्याचे. आमच्या ओळखीतील एक गृहस्थ 'बराय, निघतो' असे म्हणून एकदा उभे राहिले, की मग खुर्चीपाशी, दिवाणखान्याच्या मध्यभागी, दाराशी, जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि शेवटी खाली फाटकाजवळ असे मुक्काम करीत करीत जात, आणि ज्या कामासाठी ते आलेले असत ते काम त्यांना नेमके फाटकाजवळ आठवे. अशा मंडळींचा राबता असलेले घर अधिक आतिथ्यशील करण्याची कोणाला गरज भासावी, हे विधिलिखितच म्हटले पाहिजे.

ती गरज भाच्याला भासली. शिकून नुकत्याच तयार झालेल्या मनुष्याच्या हाती पहिले घर कोणी परका देत नाही. मामा मात्र नात्यानेच बांधलेला असतो, आणि मामी तर त्याहूनही अधिक, कारण भाच्याच्या हुशारीची तारीफ तिने नणंदेसमोर वर्षानुवर्षे केलेली असते व आता ती मागे घेण्याची मुदत संपलेली असते. एका रविवारी सकाळी तो मोजपट्टी आणि वही घेऊन दाखल झाला. १८५२ च्या कायद्याने अधिकार लाभलेल्या इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामदारांकडे ज्या नजरेने सनदा मागितल्या असतील, त्याच नजरेने त्याने आमच्या दिवाणखान्यातील एकेका वस्तूकडे ती तेथे का आहे याचा पुरावा मागितला. नवारीची लोखंडी खाट, दोन पिढ्यांनी बसून बसून खोलगट केलेली वेताची खुर्ची, खिडकीखालचे शिवणयंत्र, फ्रिजवरचा क्रोशाचा रुमाल, तारखांच्या चौकोनांत दुधाचे आकडे वागवणारे कालनिर्णय आणि वाडवडिलांच्या तसबिरी, यांपैकी एकालाही सनद दाखवता आली नाही. खाटेची वहिवाट माझ्या वडिलांपासूनची आहे, अशी कैफियत मी नम्रपणे मांडली. परंतु वहिवाट हा पुरावा नसून तोच मूळ अपराध होय, असा निकाल मिळाला.

"मामा, ही स्पेस ब्रीदच करत नाहीये," तो म्हणाला.

"खिडकी उघड की मग," आतून आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई वाईहून महिन्याभरासाठी म्हणून आमच्याकडे येतात आणि तो महिना कोणता हे त्यांनी अद्याप मुक्रर केलेले नाही.

भाच्याने मग आम्हां सर्वांना समोर बसवून शास्त्राची मूलतत्त्वे समजावून दिली. घर म्हणजे राहण्याचे यंत्रच होय, असा सिद्धांत ल कॉर्बुझिए नामक वास्तुविशारदाने १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला आणि पुढे चंदीगड शहराची आखणीही त्याच्याच हातून झाली, हे ऐकून मी प्रभावित झालो, आत्याबाई मात्र गवार मोडता मोडता म्हणाल्या, "असू दे बापडं यंत्र. जाताना तेल कुठून घालायचं तेवढं दाखवून जा." यंत्राच्या सिद्धांताने आत्याबाईंचे समाधान होत नाही असे पाहून भाचा डेन्मार्कला वळला. त्या देशात डिसेंबरात दुपारी साडेतीन-पावणेचारलाच सूर्य मावळतो. बाहेर काळोख, बोचरा वारा आणि पाऊस. अशा वेळी तेथील लोक मेणबत्त्या लावून, लोकरी शाली पांघरून, दोन जिवलगांच्या संगतीत कॉफी पीत बसतात, आणि त्या ऊबदार सुखाला त्यांनी जवळजवळ राष्ट्रधर्माचा दर्जा दिलेला आहे. २०१६ च्या सुमारास या विषयावरील पुस्तकांची इंग्लंडात लाट आली व ती लाट आता, किंचित उशिराने का होईना, पण आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली होती. महिना एप्रिलचा होता. पुण्याचा पारा चाळिशीला टेकला होता. परंतु शास्त्राला ऋतुमान नसते.

नूतनीकरणाची हकिगत मी विस्ताराने सांगत नाही, कारण ज्याने ती भोगली आहे त्याला सांगावयास नको आणि ज्याने भोगली नाही त्याची झोप का उडवावी? सुतार येतो म्हणाला त्या दिवशी रंगारी आला, रंगारी येणार त्या दिवशी कोणीच आले नाही, आणि कोणीच येणार नाही अशा भरवशाने आम्ही जेवावयास बसलो तेव्हा सगळे एकदम आले. अखेरीस एकदाचा दिवाणखाना सिद्ध झाला. हद्दपारीची शिक्षा झालेली खाट, खुर्ची, शिवणयंत्र, कालनिर्णय आणि नव्या रंगाशी न जुळणारा पांढरा ट्यूबलाइट यांची रवानगी स्वयंपाकघरापलीकडच्या मागच्या खोलीत करण्यात आली, जेथे गव्हाची कोठी, घरघंटी आणि राखीव गॅस सिलिंडर ही मंडळी पूर्वीपासूनच कैद भोगीत होती.

प्रथम दारापासून आरंभ करू. आतिथ्याची पहिली खूण म्हणून उंबरठ्याबाहेर तुळशीबागेतून आणलेले एक जाडजूड पायपुसणे घालण्यात आले व त्यावर सुबक देवनागरीत 'सुस्वागतम्' अशी अक्षरे विणलेली होती. पहिल्याच संध्याकाळी देवळातून परतलेल्या आत्याबाई दाराशी थबकल्या. "अक्षरांवर पाय? सरस्वती आहे ती!" असे म्हणून त्यांनी त्या वयात पदर खोचून जी उडी मारली, ती पाहून शेजारच्या काकूंनी दार उघडले. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक वृद्ध माणसाला स्वागतावरून उडी मारूनच आत यावे लागे. एका आजोबांना उडी मारणे शक्य नव्हते. ते बाहेरूनच लग्नाची पत्रिका देऊन गेले. शेवटी तडजोड होऊन ते पायपुसणे भिंतीवर टांगण्यात आले, आणि आता लोक त्याला हस्तकला समजून त्याची किंमत विचारतात. पाय पुसण्यासाठी त्याच्या जागी जुने गोणपाट आले, ज्यावर काहीच लिहिलेले नसल्यामुळे ते सर्वधर्मीयांना चालते.

अर्थात त्या पायपुसण्यापर्यंत पोहोचणे हीसुद्धा सामान्य गोष्ट नव्हे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर शत्रूच्या हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून त्यांच्या कपाळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याचा बंदोबस्त निदान हत्तींपुरता तरी मर्यादित होता. आमच्या सोसायटीत हत्ती येत नसल्यामुळे सगळा बंदोबस्त आप्तेष्टांसाठी राखून ठेवलेला आहे. फाटकावर रखवालदार नाव, गाव, गाडीचा क्रमांक, कोणाकडे आणि कशासाठी हे वहीत उतरवून घेतो, मग वर फोन करून "अमुक अमुक आलेत, पाठवू का?" असे त्यांच्या देखत, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो. वर आल्यावर जाळीचे दार, आतले दार, साखळी, आणि दाराच्या भिंगातून दिसणारा यजमानाचा एक डोळा. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानावयास सांगितले आहे हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु देवानेही आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सही एवढे करावे अशी आमच्या कार्यकारिणीची अपेक्षा आहे.

इतके करून पाहुणा आत आला, म्हणजे त्याची गाठ सोफ्याशी पडे. सोफा सायीच्या रंगाचा होता. त्या रंगाचे संरक्षण व्हावे म्हणून सौभाग्यवतींनी त्यावर एक आच्छादन घातले. ते आच्छादनही नव्यासारखेच सुंदर निघाल्यामुळे त्याच्या संरक्षणार्थ दुसरे घातले. आणि कोणी येणार असल्याची वर्दी फाटकावरून मिळताच दोन्ही आच्छादने काढून सोफा उघडा करावा व पाहुणा गेल्यावर पुन्हा झाकावा, अशी वहिवाट पडली. काही वेळा जिना चढून येणाऱ्याचा वेग आणि आच्छादने काढणारीचा वेग यांचा मेळ बसत नसे व यजमानीणबाई काखेत कापडाचा बोळा घेऊन "या, या, बसा" म्हणताना आढळत. सोफ्यावर भाच्याच्या आज्ञेबरहुकूम निरनिराळ्या आकारांच्या इतक्या उश्या होत्या, की त्या सगळ्या जागेवर असताना माणसाला बसावयास जागा उरत नसे. मग पाहुणा एखादी उशी अलगद उचली आणि ती कोठे ठेवावी हे न कळल्यामुळे, बारशाला गेलेल्या पुरुषाच्या हाती कोणी अचानक बाळ द्यावे, तसा ती मांडीवर घेऊन अवघडून बसे. चहा आला म्हणजे तर बिचाऱ्याची केविलवाणी स्थिती होई.

सोफ्याची बैठक मात्र शास्त्रशुद्ध होती. ती इतकी खोल आणि इतकी मऊ होती, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका प्रथमच तिच्यावर विसावले तेव्हा ते क्षणभर दिसेनासे झाले. त्यांचे पाय जमिनीला लागेनात आणि पाठ मागे टेकेना. दोन वेळा उठण्याचा उद्योग करून ते पुन्हा आत गेले व नंतर "बसतो थोडा वेळ, घाई नाही" असे म्हणू लागले. पाहुण्याला उठावेसे वाटू नये हे जे शास्त्राचे अंतिम ध्येय, ते येथे पूर्णत्वाने साध्य झाले होते. फक्त उठावेसे न वाटणे आणि उठता न येणे यांतील सूक्ष्म भेद पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात समाविष्ट नसावा. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने सौभाग्यवती असे ओढून आम्ही काकांची सुटका केली. ते पुन्हा आले, पण दारातूनच बोलले.

दिव्यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड ६५०० केल्व्हिनच्या घरातला, तो कचेरीला किंवा शवागाराला शोभतो; बैठकीचा प्रकाश २७०० केल्व्हिनचा, मावळतीच्या उन्हासारखा, आणि तोही छतावरून न पडता कोपऱ्यांतून झिरपणारा असावा, असे भाच्याचे मत होते. कोपऱ्यांतून प्रकाश झिरपू लागला; खोलीच्या मध्यभागी तो येईपर्यंत मात्र संपून जाई. त्या मंद संधिप्रकाशात माणसे अर्धीच दिसत, आणि पोह्यांच्या बशीत मिरची कोणती व कढीपत्ता कोणता हे ज्याचे त्याने अनुभवाने ठरवावे लागे. मी वर्तमानपत्र घेऊन एका कोपऱ्यातील दिव्याखाली उकिडवा बसू लागलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तो रीडिंग लॅम्प नाहीये, तो मूड लॅम्प आहे."

"माझा मूड वाचायचा आहे," मी म्हणालो. पण ही तक्रार दफ्तरी दाखल करण्यात आली.

याच काळोखात तो ऐतिहासिक प्रसंग घडला. सोफ्यासमोरच्या ठेंगण्या मेजावर एका लाकडी वाडग्यात वाळवलेल्या सुवासिक पाकळ्या, साली आणि पाने यांचे एक शोभिवंत मिश्रण ठेवलेले असे. आमच्या कचेरीतले एक जुने सहकारी सायंकाळी आले, सोफ्यात यथाशक्ति बुडाले, आणि सौभाग्यवती चहा टाकण्यास आत गेल्या असता बोलता बोलता त्यांनी त्या वाडग्यात हात घालून एक मूठ तोंडात टाकली. मी पाहत होतो. पण पाहिले ते खरे आहे अशी खातरजमा होण्याइतका उजेड नव्हता. त्यांनी बराच वेळ चावले. मग खानदानी सौजन्याने म्हणाले, "चिवडा छान आहे वहिनींचा. जरा मऊ पडलाय इतकंच." आणि यजमानाचा अवमान होऊ नये म्हणून त्यांनी दुसरी मूठ घेतली. मध्यमवर्गीय मराठी माणूस परक्या घरी काय वाटेल ते गिळेल, पण 'हे काय आहे?' असे विचारणार नाही, या सिद्धांताचा इतका सुगंधी पुरावा मला अन्यत्र मिळालेला नाही.

मेणबत्त्यांविषयी थोडक्यात सांगतो. त्या लॅव्हेंडरच्या वासाच्या होत्या. घराला माणसांचा आणि फोडणीचा वास येता कामा नये, म्हणून बैठकीच्या वेळी लसणीच्या फोडणीला बंदी होती. दारातून आत येताच आत्याबाईंच्या एका मैत्रिणीने खोल श्वास घेतला व हलक्या आवाजात विचारले, "कोणाला ॲडमिट केलं होतं का?" परंतु खरा पेच पंख्याचा होता. पंखा लावला की मेणबत्ती विझे, आणि पंखा बंद ठेवून मेणबत्ती लावली की पाहुणे विझत. एप्रिलच्या त्या रात्री खिडक्या मिटून, मांडीवर डेन्मार्कच्या पद्धतीची लोकरी शाल घेऊन आम्ही भाच्याच्या समाधानासाठी जे ऊबदार सुख अनुभवले, त्यात ऊब निर्विवाद होती.

या सर्व काळात घरातील मंडळींचे वर्तन हळूहळू संशयास्पद होऊ लागले होते. प्रथम फुटल्या त्या सौभाग्यवती, आणि त्याला कारण कालनिर्णय. १९७३ पासून महाराष्ट्रातील घराघराच्या भिंतीवर खिळ्याला लटकणाऱ्या त्या कागदाला केवळ दिनदर्शिका समजणे, हा भाच्याच्या शास्त्राचा मोठाच दृष्टिदोष होता. दूध किती आले, इस्त्रीवाल्याला किती दिले, गॅस कधी लावला, कोणाचे बारसे केव्हा, हा सगळा हिशेबी दस्तऐवज त्याच्या चौकोनांत नोंदलेला होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तेथे छापलेली होती. दिवसभर उपाशी राहिलेल्या स्त्रीला चंद्रोदय पाहण्यासाठी मागच्या खोलीत जावे लागले. जेवण उरकून ती वेळेवर परत आली नाही म्हणून मी पाहावयास गेलो, तो सौभाग्यवती खाटेवर पाय पसरून, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, दुधवाल्याचा हिशेब तपासत होत्या.

"इथं दिसतं हो सगळं," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात अपराधीपणाचा लवलेशही नव्हता.

मग वर्तमानपत्रासकट मीही तेथे गेलो. वेताच्या खुर्चीने मला खळखळ न करता सामावून घेतले, कारण तिचा खळगा माझ्याच मापाचा होता. आत्याबाई तर पहिल्यापासूनच तेथे होत्या. त्यांनी दिवाणखान्याचा ताबा कधी घेतलाच नव्हता. नंतर शेजारच्या काकू वाटी परत द्यावयास आल्या. आमच्या व त्यांच्या घरांत एक स्टीलची वाटी गेली कित्येक वर्षे ये-जा करीत आहे. ती रिकामी परत करावयाची नाही असा रिवाज असल्यामुळे ती मूळची कोणाची हा वाद आता दिवाणी कोर्टासही सोडवता येणार नाही. काकू वाटीत आंब्याचे लोणचे घेऊन थेट मागे आल्या. बसावयास जागा नव्हती. खाटेच्या उरलेल्या भागावर गच्चीवरून आणलेल्या कपड्यांचा ढीग होता. काकूंनी तो बाजूला सारला, आणि सारता सारता एक टॉवेल हाती आला म्हणून त्याची घडी घातली. मग दुसऱ्याची घातली. तिसरा टॉवेल संपेपर्यंत त्यांच्या सुनेची संपूर्ण कैफियत आमच्या कानी आली होती, आणि पिशव्या-रुमालांसह ढीग संपला तेव्हा काकू म्हणाल्या, "अगंबाई, किती वाजले! सहज पाच मिनिटं म्हणून आले होते."

त्यानंतर येणारा प्रत्येकजण या ना त्या मार्गाने मागच्या खोलीकडे सरकू लागला. दिवाणखान्यात पाहुण्याला करावयास काही नसे. सुंदर दिसणे ही एकच कामगिरी त्याच्यावर सोपवलेली असे, आणि आमच्या आप्तवर्गात ती पार पाडू शकणारे फार थोडे. येथे मात्र प्रत्येकाला काही ना काही हाताशी लागे. कोणी आत्याबाईंसमोर पसरलेल्या वर्तमानपत्रावरची मेथी निवडू लागे, कोणी मटार सोले, कोणी घरघंटीचा आवाज का येतो यावर तज्ज्ञाचा अभिप्राय देई व तिचे झाकण उघडून पाही. वरच्या मजल्यावरचे ते निवृत्त काका, जे दारातून बोलून जात, ते एक दिवस शिवणयंत्राचा पट्टा घसरतो असे ऐकून आत आले, आणि नंतर रोज पट्टा घसरला का हे विचारण्यास येऊ लागले. चहा कान तुटलेल्या कपात दिला तरी कोणाच्या लक्षात येईना. उलट दिवाणखान्यातील नव्या कपांच्या कानात कोणाचेच बोट शिरत नसल्यामुळे ते अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून प्यावे लागत, तो ताण एकदाचा गेला. दारातून 'बराय, निघतो' म्हणणारे आमचे ते पूर्वोक्त गृहस्थ तर येथे पीठ दळून होईपर्यंत थांबले आणि दळण स्वतःच डब्यात भरून गेले.

आमच्या एका चुलतकाकांचा संसार मुंबईस वरळीच्या बी.डी.डी. चाळीत झाला. शंभर वर्षांपूर्वी त्या वेळच्या मुंबई सरकारच्या विकास विभागाने बांधलेल्या त्या चाळींतील एक खोली म्हणजे १६० चौरस फूट. तेवढ्या जागेत काका, काकू, त्यांची मुले, कोकणातून नोकरी शोधण्यास आलेले दोघे-तिघे आणि ज्यांना नोकरी मिळूनही खोली मिळालेली नव्हती असे आणखी एकदोघे राहत, व उरलेले पाहुणे बाहेरच्या गॅलरीत निजत. सकाळी तेथेच शाळेची तयारी, दुपारी तेथेच पंगत, रात्री तेथेच अंथरुणे. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो उल्हासित होऊन म्हणाला, "मामा, हे तर मल्टिफंक्शनल स्पेस झालं!" काकांना हे कळले असते तर त्यांनी भाडे वाढेल या भीतीने ते कोणाला सांगितले नसते.

भाच्याने माझ्या अडाणीपणावर उपाय म्हणून काही ग्रंथ वाचावयास दिले होते. त्यांतील एकात ॲडॉल्फ लूस नामक व्हिएन्नाच्या वास्तुकाराने १९०० साली लिहिलेली एका श्रीमंत पण दुर्दैवी माणसाची गोष्ट मला आढळली. या धनिकाने आपले सबंध घर एका कलावंत वास्तुविशारदाकडून सजवून घेतले, प्रत्येक वस्तूची जागा मुक्रर झाली, आणि मग वाढदिवसाच्या दिवशी तो वास्तुविशारद घरी येऊन पाहतो तो काय, यजमानाच्या पायांत सपाता! यजमान घाबरून म्हणतो, की या आपणच आखून दिलेल्या आहेत. वास्तुविशारद गरजतो, की त्या शयनगृहासाठी होत्या. या खोलीच्या रंगसंगतीचा त्यांनी नाश केला. एवढ्यावर न थांबता, मुलाबाळांनी दिलेल्या भेटवस्तू आपल्याला न विचारता घेतल्याच कशा, असेही तो खडसावतो. सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात कोणाचा तरी भाचा शिकून आला होता, हे वाचून मला मोठा धीर आला. मी ते पान भाच्यासमोर धरले.

त्याने पानावरून नजर फिरवली. "हा धडा का? हा आम्ही ऑप्शनला टाकला होता."

पुढे एका सकाळी भाचा छायाचित्रकाराला घेऊन आला. दिवाणखान्याची छायाचित्रे काढून ती संभाव्य गिऱ्हाइकांना दाखवावयाची होती. उश्या फुगवण्यात आल्या, वाडग्यातील पाकळ्यांची तूट नव्या पाकळ्यांनी भरून काढण्यात आली, भर सकाळी मेणबत्त्या पेटल्या. आम्ही ठेवणीतले कपडे घालून सोफ्यावर बसावयास गेलो तेव्हा छायाचित्रकार अत्यंत मर्यादेने म्हणाला, "काका, जरा फ्रेमच्या बाहेर होता का? माणसं आली की वेलकमिंग वाटत नाही." आम्ही फ्रेमच्या बाहेर झालो. फ्रेमच्या बाहेर म्हणजे मागची खोली. तेथे आत्याबाईंनी थालीपिठे लावली होती, आणि लसणीवरील बंदी त्या खोलीला लागू नव्हती. अर्ध्या तासाने छायाचित्रकार वासाच्या रोखाने आला व गव्हाच्या कोठीवर बसला. त्याच्या मागोमाग भाचा आला, खाटेवर बसला, मग तक्क्याला टेकला, आणि तिसऱ्या थालीपिठानंतर मोजपट्टी खिशातच ठेवून तो जो आडवा झाला तो चार वाजता उठला. "नवार सैल झालीये रे बाळ, टोचत नाही ना?" आत्याबाईंनी विचारले. "नाही आजी, कम्फर्टेबल आहे," तो झोपेतच म्हणाला.

छायाचित्रे उत्तम निघाली. सर्व नातेवाइकांनी ती फोनवर पाहिली, आमचे घर किती प्रसन्न आहे म्हणून कळवले, आणि प्रसन्नता पाहण्यास जे प्रत्यक्ष आले त्यांनी दिवाणखान्याच्या दारात उभे राहून हळहळत कौतुक केले व चप्पल न वाजवता मागे आले. भाच्याची कीर्ती पसरली, आणि पसरत पसरत ती त्याच्या स्वतःच्या घरी, म्हणजे नाशकास माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोहोचली. परवा तिचा फोन आला.

"अरे, तुझ्याकडे केलं तसंच आमच्याकडंही करतो म्हणतोय. फोटो बघितल्यापासून ह्यांनाही पटलंय. नाही म्हणायचं तर पोराचं मन मोडतं. तू राहतोयस ना त्या घरात, तूच सांग, करू देऊ का?"

मी म्हणालो, "ताई, खुशाल करू दे. हुशार आहे मुलगा. फक्त कोठीच्या खोलीला आजच कुलूप घाल, आणि किल्ली हरवली म्हणून सांग."